न्यूट्रिनोच्या वाटेवरचं कृष्णद्रव्य : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

४ जानेवारी २०२५, शनिवार

विषय नक्की झाला. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रासाठी मार्गदर्शक मॅडमनी तीन विषय पुढे ठेवले होते, त्यातला हा मी मागून घेतला. प्रश्न असा: दूरवरून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या (कशालाही क्वचितच अडणाऱ्या, अतिहलक्या कणांच्या) वाटेत कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) असतंच. त्या दोघांची टक्कर होत असेल, तर न्यूट्रिनो वाटेतच गळायला हवेत, वळायला हवेत किंवा त्यांची ऊर्जा कमी व्हायला हवी. पण काही न्यूट्रिनो आपल्यापर्यंत पोचलेले आहेत. मग टक्कर जास्तीत जास्त किती मोठी असू शकते?

सुरुवात एकाच न्यूट्रिनोपासून करायची. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्राने टिपलेला, अंदाजे २९० टीईव्ही (१ टीईव्ही = लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा. त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेलं, पोटात महाकाय कृष्णविवर असलेलं दीर्घिकेचं केंद्र) त्या वेळी गॅमा किरणांत भडकलेला होता. ताम्रसृती (विश्व फुगल्यामुळे प्रकाश किती तांबडा झाला त्याचं माप) ०.३३६५, म्हणजे प्रकाशाला यायला सुमारे ३८० कोटी वर्षं. मॅडमनी पहिल्याच पानावर लिहून ठेवायला सांगितलेली गोष्ट: हा न्यूट्रिनो खरोखर अवकाशातून आलेला असण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास धरली गेली आणि ब्लेझारशी त्याचं नातं ३ सिग्मा पातळीचं आहे, म्हणजे योगायोग असण्याची शक्यता कमी, पण पक्का शोध म्हणण्याइतकी नाही. ब्लेझार हाच उगम, असं धरूनच पुढचं सगळं गणित आहे.

७ जानेवारी, मंगळवार

पद्धत साधी आहे. वाटेवर एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी उगमापासून इथपर्यंत टाकली, तर तिच्यात एकूण किती कृष्णद्रव्य भरेल? ही झाली स्तंभघनता. ती गुणिले क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्यासाठी कण जेवढं क्षेत्रफळ अडवतो ते), भागिले कणाचं वस्तुमान. हा आकडा १ च्या खूप खाली असेल तर न्यूट्रिनो सुखरूप, खूप वर असेल तर तो पोचणारच नाही.

वस्तुमानाने भागायचं कारण मला आज नीट उमगलं. कृष्णद्रव्याचं वजन आपल्याला तारे आणि दीर्घिकांच्या गतीवरून कळतं, एका कणाचं वजन कळत नाही. पोत्यात किती किलो धान्य आहे ते माहीत आहे, पण ते खसखस आहे की वाटाणे ते माहीत नाही. त्यामुळे दाणे मोजता येत नाहीत आणि उत्तर कायम "क्रॉस-सेक्शन भागिले वस्तुमान" याच रूपात मिळतं. एकक: चौरस सेंटिमीटर प्रति जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; कणाचं वस्तुमानही याच एककात मोजतात).

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला आकडा आला आणि तो साफ चुकीचा होता. सूर्याच्या परिसरातली कृष्णद्रव्याची घनता घेतली (घनसेंटिमीटरला ०.४ जीईव्ही), तिला अंतराने गुणलं, उत्तर १.४ × १०^२७. मॅडमनी कागद बघून एवढंच विचारलं, "सगळं विश्व आपल्या गल्लीसारखं भरलेलं आहे का गं?"

नाही. विश्वाची सरासरी घनता घनसेंटिमीटरला १.२६ × १०^-६ जीईव्ही, म्हणजे आपल्या भोवतालापेक्षा तीन लाख पटींनी विरळ. हा फरक हातात यावा म्हणून ग्रॅममध्ये मांडून बघितला. पृथ्वीएवढ्या आकारमानात या क्षणी आपल्याकडे जेमतेम पाऊण किलो कृष्णद्रव्य आहे. विश्वाच्या सरासरीने तेवढ्याच जागेत अडीच मिलिग्रॅम. ही तुलना अहवालात घालणार आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे घातांक नुसते घातांक राहतात.

दुरुस्त गणित: मागे जाताना विश्व दाट होतं, म्हणून घनतेला (१ + ताम्रसृती) चा घन लावून उगमापासून इथपर्यंत बेरीज केली. दीर्घिकांमधल्या अवकाशाचा वाटा ७.३ × १०^२१ जीईव्ही प्रति चौरस सेंटिमीटर.

१४ जानेवारी, मंगळवार (गावी, संक्रांत)

लॅपटॉप उघडला नाही. रात्री अंगणात आजोबांना विचारलं, मृग कुठे? त्यांच्या लेखी मृग म्हणजे आधी पाऊस आणि पेरणी, नक्षत्र नंतर. पण आकाशातलं हरणही त्यांना पाठ आहे. हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध. कालच पौर्णिमा झाल्यामुळे उजेड खूप होता, तरी सगळं स्पष्ट दिसलं. वर गुरू रोहिणीला खेटून होता.

टीएक्सएस ०५०६+०५६ हरणाच्या वायव्येकडच्या पायाजवळ आहे, त्या ताऱ्यापासून चारेक अंशांवर. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. आजोबांना बोटाने जागा दाखवली आणि तिथून निघालेला एक कण दक्षिण ध्रुवाच्या बर्फात सापडला असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वाटेत त्याला कुणी अडवलं नाही?" माझ्या प्रकल्पाचा प्रश्न एवढ्या सरळ शब्दांत मला अजून मांडता आलेला नाही. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य हेच ठेवायचं.

१८ जानेवारी, शनिवार

आता आपल्या आकाशगंगेचं प्रभामंडळ, म्हणजे तिच्याभोवतीचा कृष्णद्रव्याचा गोळा. नवारो-फ्रेंक-व्हाइट यांचं सूत्र घेतलं: केंद्राकडे घनता चढत जाते, बाहेर वेगाने उतरते. प्रमाण-त्रिज्या (जिथून उतार तीव्र होतो ते अंतर) २० किलोपार्सेक (१ किलोपार्सेक = सुमारे ३२६० प्रकाशवर्षं), सूर्य केंद्रापासून ८.२ किलोपार्सेक, इथली घनता ०.४.

केंद्राच्या नेमक्या उलट दिशेची बेरीज कागदावरही सुटते, म्हणून आधी हाताने केली: १.१ × १०^२२. मग पायथनने. जुळलं. केंद्रापासून ५ अंशांवरून जाणाऱ्या वाटेवर मात्र १.१ × १०^२३, म्हणजे दहापट.

मृग आकाशात केंद्राच्या जवळजवळ उलट बाजूला येतो, त्यामुळे टीएक्सएसच्या वाटेला किमान आकडाच लागू: १.१ × १०^२२.

हे दोन आकडे शेजारी लिहून मी बराच वेळ बघत बसले होते. ३८० कोटी वर्षांचा प्रवास: ७.३ × १०^२१. आपल्या घराचा उंबरा ओलांडतानाचा शेवटचा टप्पा: १.१ × १०^२२. शेवटचा टप्पा जड भरतो! एकूण बेरीज १.८ × १०^२२. १ ला तिने भागलं की मर्यादा सुमारे ५.६ × १०^-२३ चौ. सेंमी प्रति जीईव्ही. मॅडमनी दाखवलेल्या शोधनिबंधातली मर्यादाही याच घातांकाची आहे, तेव्हा घडी बरोबर बसली.

२५ जानेवारी, शनिवार

मैत्रिणीने विचारलं की मग ही मर्यादा कडक म्हणायची की सैल. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पृथ्वी घेतली.

पृथ्वीच्या आरपार, केंद्रातून जाणाऱ्या वाटेची स्तंभघनता सुमारे ६ × १०^३३ जीईव्ही प्रति चौरस सेंटिमीटर. टीएक्सएसपासून इथपर्यंतच्या सगळ्या कृष्णद्रव्यापेक्षा ती तेहेतीस हजार कोटी पटींनी जास्त आहे, आणि तरीही काही दहा टीईव्ही ऊर्जेपर्यंतचे बहुतेक न्यूट्रिनो पृथ्वीच्या आरपार जातात. तेव्हा कृष्णद्रव्याशी न्यूट्रिनोची टक्कर साध्या अणुकेंद्राशी होते तेवढीच असेल, तर अवकाशात काहीही जाणवणार नाही. आपली मर्यादा फक्त एवढंच सांगते की टक्कर त्याहून अब्जावधी पटींनी मोठी नाही. सैलच आहे. पण कृष्णद्रव्य कशाचं आहे तेच ठाऊक नसताना, ते न्यूट्रिनोशी फारच सलगी करत असेल ही शक्यता नाकारायला कुणाच्या तरी मोजमापाचा आधार लागतो, आणि तो इथे एका कणाने दिला आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

तुलनेसाठी दुसरी वाट: सुपरनोव्हा १९८७ए, म्हणजे एका ताऱ्याचा स्फोट. २३ फेब्रुवारी १९८७. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतून, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरून. जपानच्या कामिओका खाणीतल्या कामिओकांदे-२ ने ११ न्यूट्रिनो टिपले, अमेरिकेत ओहायोच्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबीने ८, कॉकेशसमधल्या बाक्सानने ५.

या वाटेची स्तंभघनता फक्त आपल्या प्रभामंडळापुरती धरली तरी १.७ × १०^२२. टीएक्सएसचं अंतर याच्या बावीस हजार पट, आणि स्तंभघनता जवळजवळ तीच! प्रोग्राममध्ये परत चूक आहे असं वाटून तीनदा तपासलं. चूक नाही. न्यूट्रिनो किती लांबून आला याला फारसा अर्थ नाही. तो कुठल्या दाटीतून आला ते महत्त्वाचं. माझ्या प्रकल्पाचं मध्यवर्ती वाक्य हेच असणार.

दोन वाटांमधला खरा फरक ऊर्जेचा. सुपरनोव्हाचे न्यूट्रिनो साधारण २० एमईव्हीचे (१ एमईव्ही = दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट), ब्लेझारचा २९० टीईव्हीचा: दीड कोटी पट. क्रॉस-सेक्शन ऊर्जेबरोबर सरळ प्रमाणात वाढत असेल, तर ब्लेझारवरून २० एमईव्हीसाठी मिळणारी मर्यादा सुपरनोव्हाच्या थेट मर्यादेपेक्षा दीड कोटी पट कडक निघते. वाढत नसेल, तर दोन्ही सारख्याच. म्हणजे "कोणती मर्यादा चांगली" या प्रश्नाला गृहीतक सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

१९८७ए कडून ब्लेझार देऊ शकत नाही अशी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे वेळ. कामिओकांदेचे ११ न्यूट्रिनो १२.४ सेकंदांत आले. वाटेत टक्कर होऊन दिशा जराशी बदलली असती, तर वाट लांबली असती आणि न्यूट्रिनो मागे रेंगाळले असते. किती वळण चालेल? मध्यावर एकदाच वळण धरलं तर उशीर = अंतर × कोनाचा वर्ग ÷ ८. अंतर ५.३ × १०^१२ प्रकाशसेकंद. उत्तर: ०.९ विकला. एका अंशाचा चार हजारावा भागही वळला असता तरी तो न्यूट्रिनो त्या घोळक्यात सामील होऊ शकला नसता. पावणेदोन लाख वर्षांच्या वाटचालीत!

कामिओकांदेचं घड्याळ जगाच्या वेळेशी मिनिटभर मागेपुढे असू शकत होतं, त्यामुळे तिन्ही ठिकाणच्या वेळा एकमेकींशी जुळवताना सांभाळून राहावं लागतं. माझ्या गणितात फक्त एकाच यंत्रातला काळ वापरला आहे, तेव्हा अडचण नाही.

मॅडमनी आज कोलारची आठवण काढली. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅमच्या गटांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. खाणीत उतरून कणाची वाट बघण्याचं हे काम आपल्याकडेही झालेलं आहे, हे मला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात कळावं याचं वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

केंद्राकडे दहापट दाटी असेल, तर त्या दिशेने येणारे न्यूट्रिनो कमी दिसायला हवेत. आइसक्यूबची साडेसात वर्षांची खुली नोंद घेतली: यंत्राच्या आतच टक्कर होऊन सुरू झालेल्या एकूण १०२ घटना, त्यातल्या ६० टीईव्हीच्या वरच्या ६०.

नकाशा काढण्याआधी कागदावर विचार केला ते बरं झालं. केंद्राभोवती १० अंश त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे आकाशाचा पाऊण टक्का. ६० घटना सगळीकडे सारख्या पसरल्या तरी तिथे अपेक्षा अर्ध्या घटनेची. तिथे एकही नसली तरी त्यावरून काय बोलणार? २० अंश घेतले तर अपेक्षा दोनाच्या आत, आणि तोवर दाटीची दहापट ओसरलेली असते. शिवाय यातल्या बऱ्याच घटना गोळ्यासारख्या पसरट, त्यांची दिशाच दहा-पंधरा अंशांनी अनिश्चित.

नकाशा काढला. काही दिसत नाही. "दिसत नाही" हेच लिहायचं, त्याला "कृष्णद्रव्याचा परिणाम नाही" असं म्हणायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळपासून विभागात एकच चर्चा. सिसिलीजवळ भूमध्य समुद्राच्या तळाशी, ३४५० मीटर खोलीवरच्या केएम३नेट या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्राने १३ फेब्रुवारी २०२३ ला टिपलेली घटना काल नेचरमध्ये छापून आली. टकरीतून निघालेला म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) १२० पीईव्हीचा (१ पीईव्ही = हजार टीईव्ही), न्यूट्रिनोचा अंदाज २२० पीईव्ही. माझ्या ब्लेझारवाल्या न्यूट्रिनोच्या साडेसातशे पट! क्षितिजापासून अर्ध्या अंशाच्या जेमतेम वर, जवळजवळ आडवा आलेला.

दिशा बघितली आणि तशीच मॅडमकडे धावले. विषुवांश ९४.३ अंश, क्रांती उणे ७.८ (आकाशातले रेखांश आणि अक्षांश). हरणाचा मागचा पाय आणि व्याध यांच्या मधली जागा! गेल्या महिन्यात अंगणातून बघितलेल्या त्याच आकाशाच्या तुकड्यातून माझ्या प्रकल्पाचे दोन्ही मोठे न्यूट्रिनो आलेत. यात अर्थ शोधायचा नाही, हा योगायोग आहे. पण गणिताला त्याचा उपयोग आहे. ही दिशाही केंद्रापासून १४२ अंशांवर, म्हणून प्रभामंडळाची स्तंभघनता परत तशीच: १.१५ × १०^२२.

उगम कोणता ते ठरलेलं नाही, तेव्हा बाहेरची वाट मोजता येत नाही. तरी तो आपल्या आकाशगंगेबाहेरून आला असेल, तर आपलं प्रभामंडळ त्याने ओलांडलंच आहे. एवढ्यावरच मर्यादा: २२० पीईव्हीला ८.७ × १०^-२३. सरळ प्रमाण धरून २९० टीईव्हीवर उतरवली तर १.१ × १०^-२५, म्हणजे ब्लेझारच्या आकड्याहून पाचशे पट कडक, आणि तीही उगम माहीत नसताना. एक नवं प्रकरण वाढलं. मॅडम म्हणाल्या, लिही, पण लहान ठेव.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रकारबदलावर दोन दिवस वाचन. न्यूट्रिनोचे तीन प्रकार, आणि प्रवासात ते एकमेकांत बदलत राहतात. उगमाशी इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ यांचं प्रमाण १:२:० असलं तरी लांबच्या प्रवासात ते साधारण १:१:१ होतं. सूर्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे न्यूट्रिनोंची अदलाबदल बदलते, तसंच कृष्णद्रव्यही करू शकेल, एकाही टकरीशिवाय. कण अतिहलके, १०^-२२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतील, तर ते कणांपेक्षा लाटेसारखे वागतील. त्या लाटेचा एक हेलकावा १.३ वर्षांचा. म्हणजे न्यूट्रिनोंचं मिश्रण वर्षागणिक डुलू शकेल. कल्पना फार सुंदर आहे. पण आइसक्यूबने २०२४ मध्ये पावणेदहा वर्षांच्या नोंदींतून टाऊ न्यूट्रिनोचे सात उमेदवार काढून दाखवले. साताचं डुलणं कसं बघणार? परिशिष्टात एक पान, बस.

१ मार्च, शनिवार

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात डळमळीत आकडा आज निघाला.

ब्लेझारच्या पोटात सूर्याच्या सुमारे ३० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर. असं विवर हळूहळू वाढताना भोवतीचं कृष्णद्रव्य आत ओढून टोकदार शिखर रचतं, हे गोंडोलो आणि सिल्क यांनी १९९९ मध्ये दाखवलं. घनता अंतराच्या उणे ७/३ घाताने चढते. शिखरातलं एकूण कृष्णद्रव्य विवराएवढंच धरलं आणि न्यूट्रिनो केंद्रापासून १०^१७ सेंटिमीटरवर जन्मला असं मानलं, तर तिथून बाहेर पडतानाची स्तंभघनता ६.५ × १०^२८. उरलेल्या सगळ्या विश्वाची बेरीज १.८ × १०^२२! पस्तीस लाख पट.

म्हणजे "अंतर नव्हे, दाटी" हे माझं वाक्य मलाच वाटलं होतं त्याहून खोल निघालं. न्यूट्रिनोची परीक्षा असेल, तर ती अंगणातून बाहेर पडतानाच होते.

५ मार्च, बुधवार

रात्रभर जन्मस्थानाचं अंतर बदलून बघितलं. १०^१७ ऐवजी १०^१८ घेतलं की स्तंभघनता वीसपटीहून खाली येते. शिखर खरंच आहे का, हाही प्रश्न. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या असतील तर ते मोडलेलं असेल. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना नष्ट करत असतील तर टोक बोथट होईल.

एनजीसी १०६८ ही दीर्घिका उमेदवार म्हणून मला जास्त भरवशाची वाटते. फक्त ४.७ कोटी प्रकाशवर्षांवर, आणि आइसक्यूबने २०२२ मध्ये तिथून पार्श्वभूमीपेक्षा सुमारे ७९ न्यूट्रिनो जास्त आल्याचा अंदाज ४.२ सिग्माने दिला. एका कणावर उभं राहण्यापेक्षा ७९ वर उभं राहणं केव्हाही बरं. ऊर्जा मात्र कमी, १.५ ते १५ टीईव्ही, आणि शिखराची शंका तिथेही तीच.

मॅडमशी आज थोडा वाद झाला. त्यांच्या मते शिखराची मर्यादाच सारांशात वर यावी, कारण ती लाखो पटींनी कडक आहे. माझ्या मते प्रभामंडळाची सैल मर्यादा वर यावी, कारण तिच्यावर उभं राहता येतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझं नाव आहे मुखपृष्ठावर, तू ठरव." मी ठरवलं: प्रभामंडळ वर, शिखर वेगळ्या आलेखात, गृहीतकं आलेखाच्या आतच लिहून.

१५ मार्च, शनिवार

तपासणी. सूर्याजवळची घनता ०.३ ते ०.५ फिरवली, मर्यादा त्याच प्रमाणात हलते, घातांक टिकतो. टोकदार प्रभामंडळाऐवजी मध्यभागी सपाट असलेलं घेतलं: केंद्राकडचा आकडा कोसळतो, मृगाकडचा फारसा हलत नाही. दोन्ही न्यूट्रिनो उलट दिशेने आले म्हणून मला दाटी कमी मिळाली याची सुरुवातीला हळहळ वाटली होती. आता वाटतं, बरं झालं. केंद्रातला घोळ माझ्या आकड्यांत शिरलाच नाही.

२२ मार्च, शनिवार

अहवालाचा मसुदा मॅडमकडे दिला. तक्त्यात चार ओळी: १९८७ए, टीएक्सएस, केएम३नेट आणि रेघेखाली, वेगळ्या अक्षरांत, शिखर. प्रत्येक ओळीत स्तंभघनता, ऊर्जा, मर्यादा आणि शेवटच्या रकान्यात "हे खरं असायला काय खरं असावं लागेल".

राहिलेलं काम: आतापर्यंत टक्कर म्हणजे न्यूट्रिनो संपला असं धरलं आहे. खरं तर तो कमी ऊर्जेने पुढे येऊ शकतो, आणि मग २९० टीईव्हीचा म्हणून नोंदलेला न्यूट्रिनो निघताना कदाचित हजार टीईव्हीचा असेल. त्याचं समीकरण लिहून झालं आहे, सोडवायचं बाकी. पाडव्याला गावी जाईन तेव्हा मृग संध्याकाळीच पश्चिमेकडे कललेला असेल. आजोबांना व्याधाजवळची दुसरी जागा दाखवायची आहे.